खोट्या मरणाचा सांगावा

माझ्या भावाला सगळ्या महाराष्ट्रानं रडताना बघितलंय. संध्याकाळी सात वाजता, रविवार सोडून रोज. त्याच्या डोळ्यांत काही घालावं लागत नाही. दिग्दर्शकानं इशारा केला की भुजंगच्या डाव्या डोळ्यातून एक थेंब निघतो, तो गालापर्यंत पोचला की उजव्यातून दुसरा. परभणीत साडीच्या दुकानातला माणूस मला एकदा म्हणाला, "ताई, तुमच्या भावाबरोबर आमची आई रोज रडती बघा." मी म्हटलं, "रडू द्या, फुकट हाय." मला असं खोचक बोलायची खोडच आहे, कुणी मनाला लावून घेऊ नये.

पण ज्या बाईनं त्याला जन्म दिला, तिचा मात्र त्या रडण्यावर काडीचा विश्वास नव्हता. सात वाजले, मालिकेचं गाणं सुरू झालं, की आमची माय पदर सावरत उठायची आणि शेळ्यांत जाऊन बसायची. साडेसातला परत यायची. बाकीच्या सगळ्या मालिका बघायची, त्यातल्या सुनांना शिव्याही द्यायची. फक्त स्वतःच्या लेकाची नाही.

मी शीला, भुजंगची थोरली बहीण. मला गावातच दिलंय. माझ्या आणि मायच्या घरांच्या मधे एक लिंबाचं झाड आहे, एवढंच अंतर. मी गावच्या अंगणवाडीत सेविका आहे, माझे मालक रामहरी शेती बघतात आणि मायच्या शेळ्याही बघतात. सोनपेठहून जीपनं यावं लागतं आमच्या गावाला, आणि आता जीपवालेसुद्धा गावाचं नाव घेत नाहीत, 'टीव्हीवाल्या आबांचं गाव' म्हणतात. मालिकेत भुजंगचं नाव आबा. नायिकेचा गरीब, सोशिक बाप. घरी असताना सोशिक वगैरे काही नव्हता तो, भाकरी करपली तर ताट सरकवायचा.

आम्ही मेंढरंवाले. आमचे बापू सुगी झाली की मेंढरं घेऊन गोदावरीच्या कडेकडेनं निघायचे. ज्याच्या रानात मेंढरं बसतील त्याच्या रानाला खत मिळायचं, आम्हाला धान्य मिळायचं. शाळेला सुट्ट्या लागल्या की आम्हीही त्यांच्यामागं. भुजंगला नकला करायचा नाद तेव्हापासूनचा. गावातले माणिकराव सावकाश पान लावतात कसे, तलाठी चष्म्यावरून बघतो कसा, आमची आत्या कुरकुरते कशी. बापू घोंगडीवर पडून हसायचे आणि म्हणायचे, "आत्याचं पुन्हा एकदा कर."

एकदा एका मेंढीचं कोकरू मेलं. त्याच दिवशी दुसऱ्या एका मेंढीचं कोकरू पोरकं झालेलं. अशा वेळी मेलेल्याचं कातडं पोरक्याच्या अंगावर बांधतात, म्हणजे वासानं मेंढी त्याला आपलं समजते. ही मेंढी काही समजेना. हुंगायची आणि ढुशी द्यायची. भुजंग असेल सात-आठ वर्षांचा. तो तिच्या मागं जाऊन बसला आणि मेलेल्या कोकरासारखा ओरडला. हुबेहूब. मेंढीनं कान टवकारले, वळली, आणि त्या पोरक्याला चाटायला लागली. पुढं मुंबईत त्याला कसकसली बक्षिसं मिळाली, पण मी म्हणते पहिली दाद त्या मेंढीनं दिली. बापूंनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं होतं. माझं तेव्हा जरा जळलंच होतं.

मग सोनपेठच्या शाळेतलं गॅदरिंग, परभणीला कॉलेजात एकांकिका, आणि मग एक दिवस पिशवीत दोन कपडे आणि मायनं केलेल्या दशम्या घेऊन गडी मुंबईला गेला. गेल्यावर काय, कुठं पोस्टमन, कुठं हवालदार, कुठं नुसताच गर्दीतला माणूस. पत्रात लिहायचा, 'या गुरुवारी बघा.' गावात टीव्ही माणिकरावांच्या घरी. बापू धुतलेलं धोतर नेसून जायचे आणि ओसरीत मागं बसायचे.

पहिल्यांदा तो दिसला तो मढं म्हणून. पोलिसांची मालिका होती. चादरीखाली कुणीतरी मेलेला, बाहेर दोन पाय. सगळी ओसरी म्हणाली, कुठाय भुजंग, आला न्हाई की. आणि बापू ताडकन उठून उभे राहिले. "ते काय! पाय! आपल्याच पोराचे पाय हाईत ते!" टाचेला भेगा, आणि डाव्या पायाचा अंगठा वाकडा, लहानपणी त्यावर बोकडानं पाय दिलेला. मुंबईत इतकी वर्षं राहूनही त्या भेगा बुजल्या नव्हत्या. माणिकराव म्हणाले, "पाय तर पाय, टीव्हीवर तर आला." बापूंनी दुसऱ्या दिवशी गावात पेढे वाटले. लोक विचारायचे कशाचे, तर सांगायचे, "पोरगं मेलंय टीव्हीत." मायनं त्यांना असं अभद्र बोलल्याबद्दल चांगलं झापलं होतं.

आता कावळ्याची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथंच येऊन अडतं.

आमच्याकडं कुणाच्या डोक्यावर कावळा बसला, तर ते मरणाचं बोलावणं समजतात. त्यावर तोडगा एकच. त्या माणसाच्या सगळ्यांत जवळच्या, पण लांब राहणाऱ्या माणसाला सांगावा धाडायचा, की अमका गेला. तो जिवाच्या आकांतानं रडत येतो. मरणाला वाटतं, रडारड झाली म्हणजे आपलं काम झालं, आणि ते माघारी जातं. मग रडणाऱ्याच्या तोंडात साखर घालायची, आणि ज्याच्यासाठी तो रडला त्याचं आयुष्य वाढलं असं धरायचं. मी अंगणवाडीची बाई, मी मानत नाही. पण माझ्या न मानण्याला आमच्या घरात कोण विचारतो?

पंचवीसेक वर्षांमागं बापू लिंबाखाली झोपले असताना त्यांच्या डोक्यावर कावळा बसला. चोच मारून गेला. बापू हट्टालाच पेटले, "भुजंगाला सांगावा धाडा." रामहरींनी सोनपेठला जाऊन फोन केला, भुजंगच्या शेजाऱ्याकडं निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी भुजंग आला तो वेशीपासून रडत. अनवाणी. चप्पल जीपमध्येच राहिली होती. उंबऱ्यावर येऊन असा कोसळला की मीही त्याला उठवायला धावले, आणि मला तर सगळं माहीत होतं. तेवढ्यात कणगीच्या मागून बापू बाहेर आले, हातात चहाची बशी. "अरं हाय की मी!" म्हणून हसले. सगळं घर हसलं. बापूंनी त्याच्या तोंडात साखर घातली आणि तो साखर चघळत अजून हुंदके देत होता.

परत जाताना मी त्याला सोनपेठच्या स्टँडवर सोडायला गेले. तिथं बोलला. एका मोठ्या मालिकेत त्याला पहिल्यांदाच नाव असलेलं काम मिळालं होतं. पहिल्याच दिवशी तोंडाला रंग लावून बसला होता, तेव्हा निरोप आला. रंग पुसला आणि निघाला. ते काम दुसऱ्याला गेलं. तो दुसरा पुढं किती मोठा झाला ते सगळ्यांना माहीत आहे, मी नाव घेत नाही. "आक्का, बापूला सांगू नको," म्हणाला. "लय खूश हाय त्यो."

बापूंना आम्ही कधीच सांगितलं नाही. ते मात्र भेटेल त्याला सांगायचे, "मी भुजंगाच्या रडण्यावर जगायलोय." आणि खरंच दहा-बारा वर्षं जगले.

मग ते गेले. सुगीनंतर माणिकरावांच्या रानात मेंढरं बसवलेली, दुपारची भाकरी खाल्ली, घोंगडीवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. आता घरोघर मोबाइल आले होते. मीच फोन लावला. भुजंग तेव्हा दुसऱ्या एका मालिकेत होता, बरं चाललं होतं त्याचं. मी रडत रडत म्हटलं, "भुजंग्या, बापू गेले रं."

तो हसला. अजून कानात आहे ते हसणं.

"आक्का, आता कोणता कावळा बसला? ह्या बारीला फसत न्हाई मी. बापूला म्हणावं, हितूनच रडतो, साखर ठिवून दे."

मी किंचाळले, "अरं खरंच गेले!" तर म्हणतो, "तू तर माझ्यापेक्षा भारी करायलीस." मागून कुणीतरी त्याला हाक मारली, आणि फोन बंद झाला. शूटिंग चालू असलं की फोन बंद ठेवायला लागतो त्यांना. आम्ही लावत राहिलो, लागला नाही. उन्हं उतरली. माणसं थांबली होती, किती थांबणार? अग्नी रामहरींनी दिला. जावयानं. भुजंग आला तो राख सावडायच्या दिवशी, तोंडावर काळं फासल्यासारखा.

माय त्याला एक शब्द वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, दोन चपला मारल्या असत्या, तर मोकळं झालं असतं दोघांचं. ती म्हणाली, "हातपाय धू. भाकर खा." त्यानंतर ती त्याच्याशी तेवढंच बोलत आली. हातपाय धू, भाकर खा, गाडी किती वाजता हाय. 'पुन्हा कधी येशील' हे तिनं कधी विचारलं नाही. आणि टीव्हीवर तो दिसला की उठून शेळ्यांत. भुजंग मला म्हणायचा, "आक्का, सगळा महाराष्ट्र बघतोय, माय बघती का?" मी म्हणायचे, "बघती की." खोटं बोलायला मला तरी कुठं ग्लिसरीन लागतंय.

ह्या वर्षीची गोष्ट. संक्रांत होऊन गेली होती. सकाळी मायची काळी शेळी व्याली. शेळी व्याली की पिलांमागून वार पडते, आणि वारेच्या वासानं कावळे जमतात. माय पिलं पुसत बसली होती, पदर खांद्यावर, डोकं उघडं. एक कावळा झेपावला तो वारेवर न जाता मायच्या डोक्यावर बसला. क्षणभरच. मी दारात होते, मी बघितलं.

मी म्हटलं, "काही होत न्हाई माय, त्याला वार पायजे व्हती."

मायनं पिलांना शेळीच्या कासेला लावलं, हात धुतले, आणि ओसरीत बसली. भाकरी नको म्हणाली. चहा नको. लिंबाच्या पलीकडून दगडाबाई आल्या. आमच्या शेजारीण, गावात कुणाच्या घरात काय करावं हे सांगायचं खातं त्यांच्याकडं आहे. त्यांनी विचारलं, "सांगावा कुणाला धाडायचा मंग? पाथरीच्या भैनीला?"

माय म्हणाली, "भुजंगाला."

दगडाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं केवळाबाई, पण त्याचं रडणं चालतंय का? त्यो तर रोजच रडतोय."

"तेच तर बगायचंय," माय म्हणाली.

मी चिडले. मी बोलले, काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. म्हटलं, एकदा असल्या फोननं बापाला लेकाचा अग्नी मिळाला नाही, आता पुन्हा तेच करायचं? तो विश्वास ठेवणार नाही, आणि नाही ठेवला तर तूच पुन्हा त्याला आयुष्यभर 'हातपाय धू' म्हणत बसणार. माय ऐकून घेत होती. मग शांतपणे म्हणाली, "न्हाई ठिवला तर न्हाई. पर मी मेल्यावर कोण येनारंय, ते मला जित्तेपणीच कळू दे."

तेव्हा मला समजलं, की कावळा हे निमित्त. तिला मरणाची भीती नव्हती. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती आणि त्यासाठी ती इतकी वर्षं एखाद्या कावळ्याची वाट बघत असावी. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी फोन लावला.

"भुजंग्या, माय गेली."

रडणं मला जमलं नाही. आवाज कोरडाच निघाला. तो हसला नाही, रडला नाही. मग त्यानं विचारलं, "कवा?"

"सकाळी. शेळी व्याली तवाच."

"बरं," तो म्हणाला. "निघतो."

मायनं माझ्याकडं बघितलं. "रडला का?"

"न्हाई."

तिचा चेहरा असा उतरला, की त्या सगळ्या तोडग्यालाच काडी लावावी असं मला वाटलं.

दुपारी वेगळंच प्रकरण सुरू झालं. मालिकावाल्यांनी मोबाइलवर टाकलं, की आबांची भूमिका करणाऱ्या भुजंग यांना मातृशोक, ते चित्रीकरण सोडून गावाकडं रवाना झाले. वर मायचा फोटो, भोवती फुलं आणि पणती. कुठल्याशा मुलाखतीला भुजंगनं दिलेला असेल. रामहरींनी तो मायला दाखवला. माय मोबाइल लांब धरून बघत राहिली. "ह्यो जांभळ्या लुगड्यातला बरा हाय," म्हणाली. "खरंच गेल्यावर ह्योच लावा." आणि मग हळूच, "मंजी निघालाय."

तोवर माणिकराव काठी टेकत समाचाराला आले. आता पार थकलेत, तरी आले. ओसरीत माय सुपात ज्वारी पाखडत बसलेली. माणिकरावांनी डोक्यावरची टोपी हातात घेतली होती, ती तशीच हातात राहिली. "काय चालवलंय हे?" त्यांनी विचारलं. माय म्हणाली, "बसा, च्या करती." माणिकराव चहा पिऊन, शिव्या देऊन आणि खूप हसून गेले. संध्याकाळपर्यंत आणखी माणसं आली. प्रत्येकाला चहा. आमची साखर संपत आली तेव्हा मायनं एक वाटी बाजूला काढून झाकून ठेवली.

भुजंग दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मुंबईहून रेल्वेनं परभणी, तिथून एसटीनं सोनपेठ, पुढं जीप. नंतर सांगत होता, की जीपवाल्यानं आधी त्याच्याबरोबर फोटो काढला आणि मग आठवण होऊन, "आबा, माफ करा," म्हणून पैसे घेतले नाहीत.

ठरल्याप्रमाणं माय आत, कणगीजवळ. मी आणि दगडाबाई दारात. तो अंगणात आला. केस पांढरे झालेत आता, मालिकेत काळे करतात. वेशीपासून रडत आला नव्हता. पायांत चप्पल होती. त्यानं ती नीट काढून ठेवली, माझ्याकडं बघितलं, आणि विचारलं, "कुठं हाय?"

मी आत बोट दाखवलं. तो गेला.

मी कान लावून उभी. आकांत नाही, हंबरडा नाही, काहीच नाही. दगडाबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "गेलं वाया." मला राहवलं नाही, मी आत डोकावले. माय पाटावर बसलेली, तो समोर उभा, आणि दोघं एकमेकांकडं बघत.

"रडला न्हाईस," माय म्हणाली.

"मला फोनवरच कळलं व्हतं. कावळाच असंल."

"मंग आलास कशाला? एवढं काम सोडून?"

भुजंग खाली बसला. तिच्या समोर, जमिनीवर. "माय, मागच्या बारीला बी मला असंच वाटलं व्हतं."

बास, एवढंच म्हणाला. आणि मग त्याचं तोंड वाकडं झालं. टीव्हीवर तो देखणा रडतो, आधी डावा डोळा, मग उजवा. हे तसलं नव्हतं. नाक वाहत होतं, ओठ फाकले होते, घशातून आवाज निघत होता तो माणसाचा वाटत नव्हता. मला ते कोकराचं ओरडणं आठवलं. फक्त तेव्हा त्यानं ते करून दाखवलं होतं. "बापूला अग्नी... बापूला..." एवढंच म्हणत होता, पुढचं येत नव्हतं. मायनं त्याचं डोकं मांडीवर ओढलं आणि त्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत बसली. मी मात्र दाराला धरून बेंबीच्या देठापासून रडले, खोटं कशाला सांगू?

दगडाबाईंनी आत येऊन निवाडा दिला, "नाकातनं पाणी आलंय. खरं हाय हे. चालतंय."

मायनं झाकलेली वाटी उघडली आणि चिमूटभर साखर त्याच्या तोंडात घातली. नाकातोंडातल्या पाण्यासकट त्यानं ती खाल्ली. मग ती म्हणाली, "हातपाय धू. भाकर खा." शब्द तेच, पण ह्या वेळी पुढं आणखी एक वाक्य आलं. "आन चार दिवस ऱ्हा."

तो राहिला. काळ्या शेळीच्या पिलांना खेळवलं, लिंबाखाली झोपला, मायनं केलेलं हुलग्याचं गरम माडगं पिऊन घाम पुसला. माणिकरावांच्या रानात बापू गेले त्या जागेवर जाऊन एक दुपार नुसता बसून आला. रात्री जेवताना मायला आत्याची नक्कल करून दाखवली. आत्या जाऊन किती वर्षं झाली, पण ती चुलीपुढं जिवंत झाली बघा. माय हसता हसता म्हणाली, "पुन्हा एकदा कर." ते बापूंचे शब्द ऐकून आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

पण गावात मोबाइल आहेत आणि लोकांना हात आहेत. कुणीतरी मायचा ज्वारी पाखडतानाचा व्हिडिओ टाकला, 'आबांची आई जिवंत!' म्हणून. तो मुंबईला पोचायला किती वेळ लागतो? निर्मात्याचा फोन आला तेव्हा भुजंग अंगणात पिलाला मांडीवर घेऊन बसला होता. तिकडचा माणूस इतक्या मोठ्यानं बोलत होता की मला चुलीपाशी ऐकू येत होतं. आईच्या मरणाचं खोटं सांगून चालत्या शूटिंगमधून पळून गेला, चॅनलची नाचक्की झाली, असं बरंच.

मी हातवारे करून सांगत होते, "सांग की, घरच्यांनी फसवलं म्हणून! माझं नाव सांग!"

भुजंगनं मान हलवली. फोनवर एवढंच म्हणाला, "हो साहेब, मीच खोटं बोललो."

फोन ठेवल्यावर मी त्याच्यावर धावूनच गेले. "आरं येड्या, फसवलं तर आम्ही ना!"

"मला कळलं व्हतं ना आक्का," तो म्हणाला. "मंग फसवलं मीच."

"आन आता?"

"आता काय? पुन्हा पोस्टमन. पुन्हा हवालदार." मग हसून म्हणाला, "न्हाईतर पाय तर हाईतच."

बापूंच्या वेळी साखरेपायी एक काम गेलं, आता दुसरं गेलं. संध्याकाळी मी त्याला तसं बोलूनही दाखवलं. तो पिलाचे कान कुरवाळत म्हणाला, की पहिल्या वेळी बापूला सांगायची हिंमत झाली नव्हती, ह्या वेळी मायला सांगितलंय. मायला? मी आत गेले तर माय शांतपणे ज्वारी दळायची तयारी करत होती. "कळलं मला," म्हणाली. "लेकरू कामाला मुकलं. पर आलं."

मालिकावाल्यांनी आबांना फार दिवस ठेवलं नाही. कुठंतरी घाटात एसटीला अपघात झाला असं दाखवलं. भुजंग तोवर गावातच होता. त्या संध्याकाळी तो भाकरी खात बसला होता, मी वाढत होते, आणि सात वाजले. गाणं लागलं. मी माझ्या सवयीनं मायला वाट करून दिली. माय उठली नाही.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बगती आज."

पडद्यावर ते मोठं घर, नायिका पांढऱ्या साडीत, आणि भिंतीवर आबांचा फोटो. चंदनाचा हार, खाली समई. भुजंगनं फोटो बघितला आणि म्हणाला, "नाक जरा मोठंच आलंय." मी हसले. मग मला शेजारी हुंदका ऐकू आला. माय रडत होती. पदर तोंडाला लावून, खांदे हलत होते, बापूंच्या वेळीही मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं.

मी घाबरले. "माय, अगं खोटं हाय ते! ह्यो बग हितं बसलाय, भाकर खायलाय!"

"गप ग," माय म्हणाली. "कळतंय मला. पुरं रडू दे. अर्धं रडलं तर लागू व्हत न्हाई."

भुजंगच्या हातातला घास तसाच राहिला. मग तो उठला, आणि साखरेचा डबा आणायला आत गेला.